सेकंदाला एक मुंबई-पुणे

दहा कोटी! नागपूरजवळच्या उमरेडमधल्या एखाद्या घरात शंभर एमबीपीएसचं फायबर कनेक्शन असेल, तर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीत दर सेकंदाला एवढे बिट उतरू शकतात. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक ‘एक’, बस. एमबीपीएस म्हणजे असे दहा लाख बिट सेकंदाला. शंभर एमबीपीएस म्हणजे त्याचे शंभर पट. दहा कोटी हा आकडा आपण बातम्यांत रोज ऐकतो आणि चहाचा पुढचा घोट घेतो. म्हणून आज जरा थांबून मोजूच. सेकंदाला एक या गतीने, न जेवता, न झोपता, एक-दोन-तीन करत बसलात तर दहा कोटींना पोचायला तीन वर्षं आणि दोन महिने लागतील. डबी हे काम एका सेकंदात उरकते. आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा.

आता प्रत्येक बिटाला एक रुपया द्या. नोट नको, नाणंच द्या. रुपयाचं नाणं साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. दहा कोटी नाणी एकाला एक चिकटवून आडवी मांडली तर रांग होते १५० किलोमीटरची. म्हणजे मुंबईहून निघाली ती थेट पुण्यात! डेक्कन क्वीनला या अंतरासाठी तीन तासांहून जास्त लागतात. तुमची डबी पहिल्या सेकंदात मुंबई-पुणे करते, दुसऱ्यात पुणे-मुंबई, तिसऱ्यात पुन्हा पुणे. अशीच नाणी आकाशाकडे रचत गेलात तर पाऊण तासाच्या आत चंद्राला हात लागतो. आणि हे सगळं महिन्याला हजार रुपयांच्या आतबाहेर!

पण इथेच पहिली कुरबुर सुरू होते. ‘शंभरचं घेतलं भाऊ, अन् डाउनलोड तर बारानं चाललंय!’ कुणीच खोटं बोलत नसतं. कंपनी बिट मोजते, कॉम्प्युटर बाइट मोजतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभरला आठाने भागा: साडेबारा. जो मोठा दिसतो तो आकडा जाहिरातीत लागला, एवढंच. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत छापायची सक्ती हवी. गावागावातली निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आणि साडेबारा एमबी म्हणजे थोडं समजू नका. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. एका ओवीला काना-मात्रा-वेलांट्या धरून शंभर चिन्हं धरू. आता एक मजा बघा. इंग्रजीतल्या साध्या अक्षराला इंटरनेटवर एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. मात्रेचे सुद्धा वेगळे तीन! म्हणजे आपली भाषा तारेवर तिप्पट वजनाची. तरीही अख्खी ज्ञानेश्वरी होते सत्तावीस लाख बाइटांची. शंभर एमबीपीएसवर ती सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून थोड्या जास्त वेळात उतरते. सेकंदाला साडेचार ज्ञानेश्वऱ्या! पारायणाला बसणाऱ्याने पोथीवरचं फडकं सोडेपर्यंत दहा-पंधरा प्रती येऊन पडलेल्या.

आता विहिरीपाशी चला. आपल्याकडची एक बऱ्यापैकी विहीर घ्या: सहा मीटर रुंद, बारा मीटर खोल. काठोकाठ भरली तर पाणी सुमारे तीन लाख चाळीस हजार लिटर. एका लिटरात वीस हजार थेंब धरू आणि एका बिटाचा एक थेंब करू. किती वेळात भरते बघा.

तारमास्तर मिनिटाला पंचवीस शब्द कडकट्ट करत पाठवायचा. त्याचे होतात सेकंदाला वीसेक बिट, म्हणजे सेकंदाला एक मिलिलिटर पाणी. विहीर भरायला पावणेअकरा वर्षं! आणि ही तार आपल्याकडे १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मोजक्या महानगरांत सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. फोनच्या तारेवरून, ९.६ केबीपीएसने. सेकंदाला जेमतेम अर्धा लिटर, विहिरीला आठ दिवस. चार जीबीचा एक सिनेमा त्या वेगाने उतरवायला घेतला असता तर अडतीस दिवस लागले असते, तेही मध्ये कुणी फोन उचलला नाही तर! आज सरकारी व्याख्येत ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान दोन एमबीपीएस लागतात. २०२३ च्या आधी अर्ध्या एमबीपीएसवर भागत होतं. दोन एमबीपीएसवर विहिरीला तासाहून थोडं कमी. आणि शंभरवर? सेकंदाला पाच हजार लिटर. दर सेकंदाला एक टँकर विहिरीत रिकामा! अडुसष्ट सेकंदांत पाणी काठाला. तोच सिनेमा सव्वापाच मिनिटांत. एक जीबीपीएसचा प्लॅन असेल तर विहीर सात सेकंदांत, सिनेमा बत्तीस सेकंदांत.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. तीस एमबीपीएसचा स्वस्त प्लॅन आणि एक जीबीपीएसचा महागडा प्लॅन, या दोन्हींत प्रकाश अगदी त्याच वेगाने धावतो! जास्त पैसे देऊन तो कणभरही जोरात पळत नाही. मोकळ्या जागेत तो सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो, काचेत शिरला की दोन लाख चार हजारांवर येतो. सगळ्यांना तेवढाच, आमदारालाही आणि अंगणवाडीलाही. पैसे देऊन आपण विकत घेतो ती फक्त एका सेकंदात किती बिट सोडायचे याची मुभा. म्हणून फायबरचा ‘वेग’ दोन आकड्यांत मोजतात. एक, सेकंदाला किती येतं: एमबीपीएस. दुसरा, पहिला थेंब यायला किती वेळ लागतो: पिंग, मिलिसेकंदांत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

या दुसऱ्या आकड्याची धाव बघू. सेकंदाच्या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्यात काचेतला प्रकाश जातो वीस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक वीत. नागपूर ते उमरेड पन्नासेक किलोमीटर. प्रकाशाला लागतो पाव मिलिसेकंद! उमरेडवरून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज १९०८ पासून २०१९ पर्यंत, शंभराहून जास्त वर्षं धावली. उमरेडहून नागपूर गाठायला तिला दोन तास धरा, फार बोलायला नको. त्या दोन तासांत काचेतल्या प्रकाशाच्या उमरेड-नागपूर-उमरेड अशा किती फेऱ्या होतात? एक कोटी सत्तेचाळीस लाख! नागझिऱ्याहून २०१३ च्या सुमारास उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात चालत आलेल्या ‘जय’ वाघाने शंभरावर किलोमीटर तुडवले म्हणून आपण तोंडात बोट घातलं होतं, आणि ते योग्यच होतं. प्रकाशाला तेवढं अंतर अर्धा मिलिसेकंद.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. ताशी १२०ने, कुठेही न थांबता, गाडी हाकलली तरी पावणेसहा तासांच्या वर. काचेतून तेवढंच अंतर साडेतीन मिलिसेकंदांत. पापणी अगदी झरकन लवली तरी सेकंदाचा दहावा भाग जातो. तेवढ्यात हा गडी वीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला अर्धा वळसा घालून बसलेला असतो. उमरेडच्या आजीने न्यू जर्सीतल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर ‘जेवला का रे?’ विचारलं, की तो प्रश्न बारा हजार सहाशे किलोमीटर सरळ काचेतून गेला तर ६२ मिलिसेकंदांत पोचेल आणि उत्तराला परतायला आणखी ६२. प्रत्यक्षात केबल समुद्रातून, किनाऱ्या-किनाऱ्याने वळणं घेत जाते, मध्ये यंत्रं लागतात, म्हणून पिंग दोनशेच्या पुढे दिसतो. पण १२४च्या खाली आणणं काचेला शक्य नाही. तिथे एक जीबीपीएस घ्या नाहीतर दहा घ्या!

म्हणूनच स्पीड टेस्टवरचा आकडा बघून एकदम हुरळू नये. ‘गो’ दाबलं की ॲप आधी जवळचा सर्व्हर शोधतं, छोटासा निरोप पाठवून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, हा पिंग. मग एकाच वेळी अनेक नळ उघडून दहा-पंधरा सेकंद नुसता मजकूर ओढतं, सुरुवातीचा रखडलेला भाग सोडून देतं आणि उरलेल्याची सरासरी दाखवतं. नंतर उलट्या दिशेने अपलोड. शंभर एमबीपीएसवर दहा सेकंदांच्या डाउनलोडमध्येच सव्वाशे एमबी खर्च होतात. जवळजवळ सेहेचाळीस ज्ञानेश्वऱ्या फक्त काटा हलवायला! पण हा सर्व्हर बहुधा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात, नागपुरात किंवा मुंबईत असतो. मोजला जातो तो तिथपर्यंतचा रस्ता. त्यापुढे सिंगापूरला काय खड्डे आहेत ते या काट्याला दिसत नाही.

शिवाय आपल्या गल्लीत एक वाटणी झालेली असते. केंद्रातून निघालेल्या एका काचेच्या धाग्यात सेकंदाला २४८ कोटी बिट येतात, आणि खांबावरच्या किंवा खोक्यातल्या स्प्लिटरमधून तो धागा बत्तीस किंवा चौसष्ट घरांत फुटतो. २४८ कोटी भागिले ६४: घराला एकोणचाळीस एमबीपीएस. तरी सगळ्यांना शंभरचा प्लॅन विकता येतो, कारण चौसष्ट घरं एकाच क्षणी नळ पूर्ण सोडत नाहीत. रात्री नऊला, मॅच रंगात आली की मात्र सोडतात.

फायबर जोडायला येणारा पोरगा स्पीड टेस्टच्या भानगडीत आधी पडतच नाही. तो वायरीचं टोक मीटरला लावतो आणि म्हणतो, ‘मायनस वीस आहे, मस्त.’ हे मायनस वीस म्हणजे एका वॅटचा लाखावा भाग. एवढ्याशा प्रकाशावर तुमचं घर चालतं! घरातला साधा एलईडी बल्ब नऊ वॅट वीज खातो. तेवढी नऊ वॅट प्रकाशात वाटायची म्हटली तर नऊ लाख घरांना पुरेल. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली साडेसेहेचाळीस लाख होती. घरागणिक चार-पाच माणसं धरा. एका बल्बात जवळपास अख्खा जिल्हा! डबीवर लाल दिवा लागतो तो हा लाखावा भागही आटला की.

आणि आता ज्या गोष्टीपाशी मला सगळ्यात जास्त घोटाळायचं आहे ती: काच. प्रकाश वाकड्या काचेतून नेता येतो हे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ साली दाखवलं. पण काच प्रकाश पिऊन टाकायची. साठच्या दशकातल्या काचेत एका किलोमीटरला हजार डेसिबलची घट होती. दर दहा डेसिबलला प्रकाशाचा दहावा हिस्सा उरतो, एवढं लक्षात ठेवा आणि हिशोब करा. दहा डेसिबलला दहातला एक. वीसला शंभरातला एक. तीसला हजारातला एक. हजार डेसिबलला? एकावर शंभर शून्यं, त्यातला एक! दिसणाऱ्या साऱ्या विश्वातले अणू मोजले तर एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास भरतात. म्हणजे विश्वातल्या प्रत्येक अणूने एकेक प्रकाशकण एका टोकाला टाकला असता, तरी किलोमीटरभर पलीकडे अंधारच! बाप्पा!

१९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लोच्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लिहिलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. घट किलोमीटरला वीस डेसिबलवर आणता आली तर काचेतून फोन चालतील. चार वर्षांत, १९७० साली, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत तीन शास्त्रज्ञांनी सतरा डेसिबलची काच ओढली. काओंना २००९ साली नोबेल मिळालं. पण त्या वीस डेसिबलच्या स्वप्नातल्या काचेने नागपूरहून उमरेडला मधे कुठेही न थांबता दिवा दाखवायचा म्हटलं असतं तर? पन्नास गुणिले वीस: हजार डेसिबल. पुन्हा एकावर शंभर शून्यं, पुन्हा विश्वभरचे अणू, पुन्हा अंधार.

आजची काच? किलोमीटरला ०.२ डेसिबल. पन्नास किलोमीटरला दहा. म्हणजे नागपुरात दहा कण टाकले तर उमरेडला एक पोचतो. मधे ना यंत्र, ना वीज. विश्वातल्या अणूंनाही जे जमलं नसतं ते आता दहात एक! पंधरा किलोमीटर जाडीची काच डोळ्यांसमोर आणा, नागपुरातून बाहेर पडून उमरेड रोडला बरंच पुढे येईपर्यंत नुसती काच. त्यातून तो अदृश्य, अवरक्त प्रकाश निम्मा आरपार!

हा धागा जाडीला १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश ज्यातून जातो तो गाभा नऊ मायक्रॉनचा. आपल्या केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा हिस्सा. आणि वजन? वरचं प्लास्टिक सोडलं तर किलोमीटरभर काच भरते सत्तावीस ग्रॅम. दोन तोळ्यांहून थोडी जास्त! लग्नात एक साधी साखळी घालतात तेवढ्या वजनात एक किलोमीटर. नागपूर ते उमरेड अख्खा धागा एक किलो साडेतीनशे ग्रॅम. चंद्रावर जाऊन परत येणारा धागा ओढायचा म्हटला, पावणेआठ लाख किलोमीटरचा, तरी एकवीस टन. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खदानीतून कोळसा नेणाऱ्या एका वॅगनमध्ये साठेक टन बसतात. चंद्राची जाऊन-येऊन तार, आणि वॅगन दोन-तृतीयांश रिकामीच!

ही चंद्राची गोष्ट हवेतली नाही बरं. गावोगावच्या ग्रामपंचायतींना काचेने जोडायची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायती आणि दरेकीला शंभर एमबीपीएस, म्हणजे तोच सेकंदाला मुंबई-पुणे. तिच्यात टाकलेली केबल साडेसहा लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. पृथ्वीपासून निघालात तर चंद्राला पोचून परतीच्या अर्ध्या वाटेच्याही अलीकडे आलात. त्यातल्या किती केबली जेसीबीने उखडल्या, हा वेगळा लेख.

वॅगनवरून आठवलं. एक शर्यत लावू. एकीकडे फायबर, दुसरीकडे बुटीबोरीकडे निघालेली कोळशाची मालगाडी. गाडीतला कोळसा उतरवा आणि तिच्यात हार्डडिस्क भरा. साडेतीन हजार टन माल, एक डिस्क सातशे ग्रॅमची, तिच्यात वीस टीबी. पन्नास लाख डिस्क बसल्या. एकेक तीस हजारांची धरली तर पंधरा हजार कोटींची गाडी. मजकूर दहा कोटी टीबी! गाडी दोन तासांत पन्नास किलोमीटर पोचली. हिशोब केला तर सेकंदाला एक लाख अकरा हजार लाख कोटी बिट. तुमच्या शंभर एमबीपीएसने तोच मजकूर पाठवायला किती लागतील? अडीच लाख वर्षं! माणसाची जात पृथ्वीवर येऊन साधारण तीन लाख वर्षं झाली आहेत. तेव्हा एखाद्या गुहेत डाउनलोड सुरू केलं असतं तर ते जेमतेम पन्नास हजार वर्षांपूर्वी संपलं असतं.

म्हणजे मालगाडी जिंकली? एमबीपीएसमध्ये जिंकली, पिंगमध्ये सपाट आपटली. तिचा पहिला बिट दोन तासांनी येतो, काचेतला पाव मिलिसेकंदात. मालगाडीवर व्हिडिओ कॉल करून बघा. आजीने ‘जेवला का?’ विचारायचं आणि चार तासांनी ‘काय म्हणालीस?’ ऐकायचं. दोन आकडे का मोजावे लागतात, ते ही गाडी जितकं नीट सांगते तितकं कुठलंच पुस्तक सांगत नाही.

पण फायबरला आपण घरच्या शंभरनेच का जोखतोय? त्याला पूर्ण मोकळं सोडलं तर? २०२४ साली जपानच्या एनआयसीटी या सरकारी संस्थेने, इतर देशांतल्या संशोधकांसोबत, बाजारात मिळणाऱ्या साध्या जातीच्या एकाच धाग्यातून प्रकाशाच्या १,५०५ वेगवेगळ्या छटा एकदम सोडल्या. अंतर किती? पन्नास किलोमीटर! आपलं नागपूर-उमरेडच म्हणा ना. आणि आकडा आला सेकंदाला ४०२ टेराबिट. म्हणजे ४०२ लाख कोटी बिट.

धरा हात, चला. शंभर एमबीपीएसची चाळीस लाख कनेक्शनं, सगळी एकाच वेळी पूर्ण वेगाने: नागपूर जिल्ह्यात जवळपास माणशी एक. एका केसाएवढ्या धाग्यावर! सेकंदाला साडेबारा हजार सिनेमे. एका सेकंदात आलेले सिनेमे अडीच-अडीच तासांचे धरून एकामागून एक बघत बसलात तर साडेतीन वर्षांनी उठाल. सेकंदाला एक कोटी शहाऐंशी लाख ज्ञानेश्वऱ्या. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी महाराष्ट्राला माणशी एक प्रत वाटायला सहा सेकंद. सहा! कोळशाच्या त्या मालगाडीतला सगळा माल, ज्याला अडीच लाख वर्षं लागत होती, तो तेवीस दिवसांत.

बिटाला रुपया द्यायचा ठरलं होतं, तो द्या. ४०२ लाख कोटी रुपये. केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. असे जवळजवळ आठ अर्थसंकल्प एका सेकंदात. सगळा भारत मिळून २०२४-२५ या वर्षभरात जे कमावतो ते सुमारे ३३० लाख कोटी. ते एका सेकंदात ओलांडलं, आणि वर सत्तर लाख कोटी सुटे!

बिटाचा थेंब करा. विहिरीची आता गोष्टच नको, त्या सेकंदाला एकोणसाठ हजार भरतात. उमरेडपासून पवनीकडे गेलं की गोसीखुर्दचं धरण लागतं. १९८८ साली पायाभरणी झाली, कालवे आणि पुनर्वसनाचं गाडं कित्येक दशकं रखडलं. वैनगंगेवरचा एवढा अवाढव्य जलाशय, ११४६ दशलक्ष घनमीटरचा. तळापासून काठापर्यंत एका मिनिटाच्या आत भरला!

नाणी रचा. मुंबई-पुणे मागे पडलं, चंद्र मागे पडला. सेकंदाला साठ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटींवर. म्हणजे रुपयांची रांग एका सेकंदात सूर्याला जाऊन परत, पुन्हा सूर्याला जाऊन परत! आणि २०२५ साली त्याच संस्थेने तेवढ्याच जाडीच्या धाग्यात एकोणीस गाभे बसवून १,८०८ किलोमीटरवर, म्हणजे समृद्धीने मुंबईला जाऊन नागपुरात परत येण्याहून लांब, सेकंदाला १,०२० लाख कोटी बिट पोचवले. नाण्यांची रांग १५३ कोटी किलोमीटर. शनी सूर्यापासून सरासरी १४३ कोटींवर आहे. सूर्यावर पहिलं नाणं ठेवा. सेकंद संपायच्या आत शनी ओलांडलेला!

आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वेड लावणारा आकडा लहान आहे. ४०२ टेराबिटचा प्रवाह पन्नास किलोमीटरच्या काचेतून धावतो आहे. क्षणभर तो जागच्या जागी थांबवला, दोन्ही टोकं बंद केली. नागपूर सोडलेलं आणि उमरेडला न पोचलेलं असं मधे किती अडकलं? जवळजवळ दहा हजार कोटी बिट. बारा जीबीच्या वर. तीन अख्खे सिनेमे, गाण्यांसकट, एक किलो साडेतीनशे ग्रॅम काचेत!

आता तुमच्या घरचा काटा. वाय-फायवर मोजू नका. भिंती, पंखा, शेजाऱ्याचा राऊटर सगळे मधे खातात. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावा, घरातले बाकीचे फोन बंद करा, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा तपासा. शंभरच्या पोर्टवर ९४-९५ च्या पुढे आकडा जात नाही, कारण पाच-सहा टक्के जागा प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यांतच जाते. त्यावरून भांडू नका. नागपूर-मुंबईच्या सर्व्हरला पिंग पंचवीस-तीसच्या आत असेल तर लाइन उत्तम आहे. सकाळी नव्वद आणि रात्री रोज चाळीस येत असेल, तर ती स्प्लिटरवरची गर्दी. दोन्ही वेळचे फोटो काढून तक्रार नोंदवा, आणि तक्रारीत आकडा एमबीपीएसमध्ये लिहिलाय की एमबीमध्ये, ते पाठवण्याआधी एकदा बघून घ्या.